तीन टाचा

आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. पेणला आम्ही राहायचो ते पोह्यांच्या गिरणीवरच्या माडीवर. खाली गिरणी, वर आम्ही. बाबा गिरणीत भट्टीवर होते, आणि भट्टीवाला हाताशी असावा म्हणून शेठने वरच्या दोन खोल्या आणि मागची गॅलरी आम्हाला राहायला दिली होती. सकाळी यंत्राचा पट्टा फिरायला लागला की दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि सुट्टी संपली की दिवेलागणीपर्यंत, शेजारी बसलेल्या माणसाला बोललेलं ऐकू जाईल याची खात्री नसे. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि दिवसभर पायाखाली बारीक थरथरत असायची. तेव्हा बोलावण्याची आमची रीत अशी, की फळीवर टाच आपटायची. एक टाच आईसाठी, दोन माझ्यासाठी. आत्याला मात्र टाच मारायची नाही, ती बाबांची मोठी बहीण. तिच्याजवळ उठून जायचं आणि खांद्याला हात लावायचा. यंत्राची थरथर वेगळी आणि टाचेचा धक्का वेगळा, हे आम्हाला झोपेतसुद्धा कळायचं. पाहुणे आले की बावचळून जात. माझी मामी पहिल्यांदा आली तेव्हा आईने मला बोलवायला दोन टाचा आपटल्या, आणि आपलं काय चुकलं म्हणून बिचारी उठून उभीच राहिली.

मी आठ वर्षांची असताना नंदा जन्मली. बारशाला तिचं नाव ठेवलं आणि त्याच दिवशी आत्याने तिच्या टाचाही ठरवून टाकल्या, तीन. जन्माचा दाखलाच मिळाला जणू. आणि ही पोर इतकी चलाख, की रांगायच्याही आधी, पोटावर पालथी पडलेली असताना, तीन टाचा मारल्या की मान वळवून बघायची. घरात येईल त्याला आम्ही हे करून दाखवायचो. तिच्या मागे जायचं, तीन टाचा मारायच्या आणि ती वळली की सगळ्यांनी हसायचं. तीही मग बोळकं पसरून हसायची. गिरणी सुरू असो की बंद, ती गाढ झोपायची. शेजारी दिवाळीचे फटाके फुटले तरी तिची पापणी हलली नाही, तेव्हा बाबा केवढे खूश झाले होते. "गिरणीची पोर हाय ती. तिची झोपमोड व्हनार नाय कशानं," असं ते शेठलासुद्धा सांगून आले.

त्या घराबद्दल लिहायला बसले की मला पहिल्यांदा वास आठवतो. भिजवलेलं भात भट्टीत भाजलं जात असताना येणारा तो गरम, थोडा करपट, थोडा गोडसर वास आमच्या कपड्यांना, उशांना, वह्यांना असायचा. वर्गात माझ्या शेजारची मुलगी म्हणायची, तुझा डबा उघडायच्या आधीच भूक लागते. बाबांच्या भुवया भट्टीच्या झळीने कायम अर्ध्या जळलेल्या. गिरणीतला पोह्यांचा चुरा आत्या वर घेऊन यायची आणि त्याचे पापड करायची. हिंग, मिरची, पापडखार घालून मळलेलं ते पीठ ती पाट्यावर ठेवून कुटायची, आणि आम्ही कच्च्या लाट्या तेलात बुडवून पळवायचो. नंदा लाटीसाठी आत्याचा पदर ओढायची, तोंडाशी हात नेऊन दाखवायची. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आमच्या घरात सगळेच हातांनी बोलत. बाबा खालच्या अंगणातून वर बघत आणि दोन बोटं ओठांना लावत, की आई चहा ठेवायची. पोट चोळलं म्हणजे जेवायला येतो, हात झटकले म्हणजे आज उशीर होईल. त्या घरात न बोलता सगळं निभायचं. म्हणूनच, नंदा बोलत नाही हे घराच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

दात वेळेवर आले. जावळ काढलं, तेव्हा न्हाव्याचा वस्तरा बघून तिने आकांत केला. चालायला तर ती मुदतीच्या आधी लागली. पण शब्द येईना. समोरच्या घरातला बाळू तिच्याहून चार महिन्यांनी लहान, तो शिव्या द्यायला लागला तरी आमच्या बाईसाहेबांच्या तोंडून 'आई' नाही की 'बाबा' नाही. नुसते आवाज यायचे, घशातून, मधेच फार मोठे. तिसरं लागलं तशी घरातली हवा बदलली. कान ठीक आहेत याबद्दल कोणालाच शंका नव्हती. तीन टाचा मारल्या की वळते, मग ऐकू येतंच आहे. म्हणजे दोष जिभेत. सगळा घरगुती दवाखाना मग त्या एवढ्याशा जिभेवर उघडला गेला. आत्या रोज सकाळी वेखंड उगाळून तिच्या जिभेला चोळायची. नंदा रडायची, थुंकायची, मी तिचे हात धरायचे. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली. ती अंगठी आत्याची, लग्नातली, नवरा गेल्यापासून तिने बोटात घातली नव्हती. कोणीतरी सांगितलं की पोपटाने चोच मारलेला पेरू मुलाला खायला दिला की मूल बोलायला लागतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

शाळेच्या वाटेवर एका वाडीत पेरूची झाडं होती. मी दप्तर पोटाशी धरून झाडाखाली उभी राहायचे आणि वर पोपट आहेत का बघायचे. माळ्याने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा मी त्याला खरं कारण सांगितलं, तेव्हा त्यानेच चोच मारलेले पेरू बाजूला ठेवायला सुरुवात केली. ते उष्टे पेरू मी फ्रॉकच्या घेरात आणायचे आणि मनात नवस बोलायचे. घराच्या सतरा पायऱ्या एका दमात चढले तर आज बोलेल. डाव्या पायाने उंबरा ओलांडला तर बोलेल. मी जन्माची काळजीवाहू बाई. आज पन्नाशी ओलांडली तरी नातीला सर्दी झाली की माझी रात्र जाते. नात जन्मली त्याच आठवड्यात दवाखान्यात तिचे कान तपासले. मुलगी सहज म्हणाली, आता सगळ्याच बाळांचे तपासतात. मी तिथल्या बाकावर बसून राहिले आणि निकाल हातात येईपर्यंत कोणाशी बोलले नाही. जावयाला वाटलं मी रागावलेय.

नंदा साडेतीन वर्षांची आणि मी बाराव्या वर्षात असताना रोह्याच्या मामाला मुलगा झाला. मामा तिकडे कंपनीत शिफ्टवर होता आणि त्याने नुकतंच नवं घर बांधलं होतं, सिमेंटचं, खाली गुळगुळीत फरशी. बारशाला आई, मी आणि नंदा गाडीने गेलो. आत्या पापडांच्या ऑर्डरीसाठी मागे राहिली, बाबांना भट्टी सोडता येईना. मला आठवतं, मामाच्या घरात शिरल्यावर मला पहिल्यांदा कसलातरी अभाव जाणवला आणि तो कशाचा हे बराच वेळ कळेना. पायाखाली काही हलत नव्हतं. घर शांत होतं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मागल्या दारी बायका घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या, त्यांची कुजबुजसुद्धा आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होती, आणि ती नेमकी नंदाबद्दल होती. "साडेतीन पुरी झाली म्हने. तोंडातून अक्षर नाय." "आईनं पोटुशी असताना ग्रहनात काय बाय चिरलं असंल." हे ऐकून आईने पदर नीट केला आणि बाहेर जाऊन त्याच बायकांबरोबर हरभरे निवडायला बसली.

बाळाची आत्या म्हणजे माझी आई. तेव्हा कानात नाव सांगायचा मान तिचा. पाळण्यापाशी वाकून तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. सगळे हसत होते. मग पोराटोरांना तोच खेळ लागला. जो तो दुसऱ्याच्या कानाशी जाऊन कुर्र करायचा आणि पळायचा. नंदा उंबऱ्यापाशी फरशीवर बसून घुगऱ्या एकेक करून खात होती, माझ्याकडे पाठ करून. मी मागून गेले, वाकले आणि तिच्या कानाशी जोरात कुर्र केलं. तिने आणखी एक हरभरा तोंडात टाकला. मला वाटलं, खाण्यात दंग आहे. मी दुसऱ्या कानाशी गेले. आता नुसतं कुर्र नाही, "नंदे!" म्हणून ओरडले. माझाच घसा खरवडला. काही नाही. माझा श्वास तिच्या मानेला लागला असावा, कारण तिने तिथे खाजवलं. एवढ्यात आत कोणाच्या तरी हातून पितळी परात पडली. पाळण्यातलं बारा दिवसांचं बाळ दोन्ही हात उडवून दचकलं आणि रडायला लागलं. नंदा हरभरे खात राहिली.

मी तिच्या मागे उभं राहून तीन टाचा मारल्या. फरशीवर माझ्या टाचा नुसत्या दुखल्या. ती वळली नाही. तेव्हा मला एका क्षणात सगळं समजलं, जे घरातल्या मोठ्या माणसांना साडेतीन वर्षांत समजलं नव्हतं: तिला आमच्या टाचा ऐकू येत नव्हत्या, त्या तिला फळीतून लागत होत्या. फटाके, पट्ट्याचा आवाज, पडलेली परात, यातलं काहीच तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या जिभेला काही झालं नव्हतं. आम्ही इतके दिवस तिला उगाच वेखंड चोळत होतो.

मी लगेच आईकडे धावले असेन असं कोणालाही वाटेल. मी गेले नाही. त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी हसत होती, पाठीतले बुक्के खाऊन तिचा चेहरा लाल झाला होता, आणि बाहेर त्या बायका बसल्या होत्या. घरी गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं. घरी गेलो. आत्याने आम्हाला बघून आनंदाने तीन टाचा मारल्या आणि नंदा धावत जाऊन तिच्या मांडीवर पडली. झालं, माझी हिंमत गेली. मी स्वतःलाच समजवायला लागले की मामाकडे गोंगाट होता, तिचं लक्ष नव्हतं, परात फार लांब पडली. बोलले तर खरं होईल, न बोलले तर कदाचित नाही होणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. बारा वर्षांच्या मुलीचं डोकं ते. पण लबाडी त्याच्या पुढची होती. मी आता तिला सांभाळून घ्यायला लागले. कोणी तिला मागून बोलवलं आणि टाच मारायला विसरलं, की मी हळूच मारायचे. बाहेर कोणी हाक मारली की मी तिचा हात दाबायचे. तिला वाटायचं हा नवा खेळ आहे.

जूनमध्ये आई तिला बालवाडीत घालायला घेऊन गेली. मीही बरोबर होते. तिथल्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "बोलत नाही म्हणता, पण ऐकू येतं ना नीट?" आणि नंदा भिंतीवरचं चित्र बघत असताना त्यांनी मागून हाक मारली, "नंदा!" मी तिच्या अगदी मागे उभी होते. मी तिच्या फ्रॉकचा पट्टा किंचित ओढला. ती गर्रकन वळली आणि बाईंकडे बघून हसली. "छान ऐकतेय की! बोलेल, बोलेल," असं म्हणून बाईंनी नाव लिहून घेतलं. आईने पुढे होऊन नंदाचा फ्रॉक सरळ केला. परत येताना मी इतकी घाबरले होते की रस्ता ओलांडताना नंदाचा हात धरायला विसरले, आणि मागून येणारा टेम्पो हॉर्न वाजवत असताना ती रस्त्याच्या मधोमध एक चिंचोका उचलायला बसली. आईने तिला दंडाला धरून खेचलं. टेम्पोवाला काय काय बोलला. त्या आठवड्यात मला ताप आला होता, तो कशाने हे फक्त मला माहीत होतं.

बालवाडीतून तक्रारी यायला लागल्या. हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही, मुद्दाम पाठ फिरवते. बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. घरात मग आत्याचं आणि आईचं पहिल्यांदा जुंपलं. आत्या म्हणाली, "लाडानं बिघडवलीस वयनी तू हिला. हात केला की भात, हात केला की पाणी. पोर बोलंल कशाला?" हे बोलणं आईच्या फार मनाला लागलं असावं. माझी आई अबोल बाई. पण दुसऱ्या दिवसापासून तिने नंदाच्या हातवाऱ्यांना उत्तर देणं बंद केलं. तोंडाने मागितल्याशिवाय काही मिळणार नाही. पाण्याला तेवढी सूट होती, आणि रात्री शेवटी ती भरवायचीच.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता, माझी सकाळची शाळा. जेवणाची सुट्टी झाली, पट्टा थांबला आणि बाबा घाम पुसत वर आले. पानं वाढली होती. गरम भात, वालाचं बिरडं, तळलेला बोंबील. बिरडं म्हणजे नंदाचा जीव की प्राण. आईने तिचं ताट स्वतःच्या मांडीमागे ठेवलं आणि म्हणाली, "आई म्हन. मंग भात." नंदाने पोटावर हात चोळला. "तसं नाय. आई म्हन." नंदाने ताटाकडे बोट दाखवलं, मग आईच्या तोंडाकडे बघितलं. आईने ओठ मोठे केले, "आ... ई." सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. ती आणखी पुढे सरकली, आईच्या ओठांकडे टक लावून बघायला लागली, आणि मग तिने तोंड उघडलं. आधी गोल, मोठं, मग ओठ दोन्ही बाजूंना ताणले. अगदी आईसारखं. आवाज मात्र नाही. नुसतं तोंड. तिने ते पुन्हा केलं आणि हात पुढे केला. तिच्या दृष्टीने तिने सांगितलेलं सगळं बरोबर केलं होतं. आईने मान हलवली, "नाय." नंदाने तिसऱ्यांदा केलं, घाईघाईने, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. बाबांचा घास हातातच होता.

माझ्याने राहवलं नाही. मी ओरडले, "तिला ऐकू येत नाय गो आई! तिला कायसुद्धा ऐकू येत नाय!"

"गप! अभद्र बोलतंस?" आई एवढ्या पटकन बोलली की जणू ते वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं. नंदा तोवर रुसून भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईने फळीवर तीन टाचा मारल्या. नंदा वळली. "बघ. बघ, येतंय का नाय ते."

"ते फळीतून कळतंय तिला. मामाकडं फरशीवर नाय कळलं. मी बघितलंय." मी रडत होते आणि बोलत होते. परातीचं सांगितलं, कुर्रचं सांगितलं, पेरू, वेखंड, सगळं एकात एक मिसळलं. बालवाडीतल्या पट्ट्याचं मात्र सांगितलं नाही. आत्या म्हणाली, "अगो, काय येड लागलं काय पोरीला?" पण तिचा आवाज खाली गेला होता.

बाबा जेवता जेवता उठले. खरकटा हात तसाच ठेवून त्यांनी डाव्या हाताने नंदाला उचललं आणि छातीशी घेतलं, तिचं तोंड त्यांच्या खांद्यावरून गॅलरीकडे. तिचे पाय फळीपासून सुटले. "आक्का, मार हाक," ते आत्याला म्हणाले. आत्याचा आवाज गिरणीच्या वर चढेल असा, तिने "नंदे!" म्हणून हाक मारली. मग आणखी जोरात. मग तिने माझ्या हातात ताट दिलं. मी पितळी ताटावर पळी आपटली, एकदा, दोनदा, रस्त्यावरचे लोक वर बघायला लागेपर्यंत. बाबांनी डोळे मिटले होते. ते नंदाच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा हात तिच्या पाठीवर होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुरे. जरा बी दचकली नाय. माझ्या हाताला कळलं असतं." त्यांनी तिला खाली ठेवलं. खालून पट्टा सुरू झाला, सुट्टी संपली होती, भट्टी कोणासाठी थांबत नाही. हात धुवून ते खाली गेले. जाताना त्यांनी जिन्यात थांबून वर बघितलं आणि नेहमीप्रमाणे खूण करायला हात उचलला, पण कसली खूण करायची ते त्यांना सुचलं नाही. आईने मांडीमागचं ताट पुढे घेतलं आणि नंदाला भरवलं. सगळं ताट, बिरड्यासकट.

रोह्याला एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा कानाचे डॉक्टर येत, मामाने तिथे नंबर लावला. आई, मी आणि नंदा सकाळच्या गाडीने गेलो. डॉक्टर मऊ बोलणारे होते. त्यांनी नंदाच्या मागे घंटा वाजवली, कंपन करणारा चिमटा वाजवून तिच्या कपाळाला लावला, तेव्हा ती चकित होऊन हसली. त्यांनी आम्हाला मुंबईला जाऊन मोठी तपासणी करायला सांगितलं, कानामागे लावायच्या यंत्राबद्दल सांगितलं, अशा मुलांच्या शाळेबद्दल सांगितलं. पुढे ते सगळं झालं. नंदाला यंत्र मिळालं, ती वसतिगृहाच्या शाळेत राहिली, शिकली. आज ती ठाण्यात ब्लाउज शिवायचं दुकान चालवते, दोन मुलगे कॉलेजात आहेत, आणि व्हिडिओ कॉलवर माझ्याशी दोन्ही हातांनी इतकी भरभर भांडते की मला तिला जरा दमानं म्हणावं लागतं. पण त्या दिवशी त्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं, "घरी हे कोणाच्या लक्षात आलं?" आई म्हणाली, "हिच्या. थोरलीच्या." डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "हुशार आहेस. बहिणीवर उपकार केलेस." मला त्या दवाखान्यातून पळून जावंसं वाटलं. बारशाला जवळजवळ तीन महिने झाले होते.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. नागोठणं गेलं, कासूला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. समोरून मालगाडी यायची होती, ती जाईपर्यंत आमची सुटणार नव्हती. इंजिन शांत. नंदा खिडकीला नाक लावून भाताच्या शेतातले बगळे बघत होती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर डॉक्टरांचा तो हात आयुष्यभर डोक्यावर राहील. मी आईकडे न बघता म्हणाले, "आई, मला बारशापासनं ठाव होतं. मी बोलले नाय. बालवाडीत मीच तिचा पट्टा ओढला, म्हनून वळली ती."

आईने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बघितलं मी. तू ओढलास ते."

मला कळेना. "मंग बाईंना सांगितलं नायस?"

"कसं सांगू? मला बरं वाटलं तवा." तिने नंदाची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. "तुज्या आधीपासनं ठाव हाय मला. गेल्या दसऱ्याला गिरनी बंद होती, ही झोपाळ्यावर पाय वर घेऊन जागी पडलेली, भिंतीकडं तोंड करून. माझ्या हातून हंडा पडला गॅलरीत. केवढा तरी आवाज झाला. ही हालली नाय. मी हंडा उचलला, जागेवर ठेवला, आनि कोनाला बोलले नाय. रोज तीन टाचा मारायची, ती वळली की वाटायचं, माजंच चुकलं असंल."

मालगाडी आली. डबे संपता संपेनात, बोलणं शक्य नव्हतं. नंदाने दोन्ही तळवे खिडकीच्या गजांवर ठेवले आणि आनंदाने आमच्याकडे बघितलं. मी त्या वेळात हिशेब लावत होते: दसरा, मग बारसं, मग बालवाडी, मग तो शनिवार. आज मी आईच्या त्या वेळच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तो हिशेब मला अजून नीट लावता येत नाही. गाडी गेली तेव्हा मी विचारलं. रागाने विचारलं, कारण नंदाचं ते बिनआवाजाचं तोंड मला दिसत होतं.

"ठाव होतं, तर मंग उपाशी का ठेवलंस तिला?"

आईने रिबिनीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "भूक लागली म्हंजे तरी ऐकू येईल."